शाळेतलं हॉलिडे शॉप पहिल्यांदाच हाती घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईला मुलीच्या शाळेच्या पीटीएने, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेने, यंदा ‘हॉलिडे शॉप’ची चेअर, म्हणजे प्रमुख, केलं आहे. किंडरगार्टन ते पाचवी, साधारण ४२० मुलं. डिसेंबरमध्ये मुलं स्वतःच्या पैशांनी आईवडील, भावंडं, आजीआजोबा यांच्यासाठी छोट्या भेटी विकत घेतात, ते हे दुकान. माल कंपनीकडून मागवावा की स्वतः आणावा, किती नफा धरावा, आणि ज्या मुलांकडे पैसे नसतील त्यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय लिहिलंय, “मी भारतात शाळेत असं काही पाहिलेलंच नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.”

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत अकरा वर्षं हे दुकान लावलं. त्यातली सात वर्षं चेअर म्हणून. माझी दोन्ही मुलं त्या शाळेतून बाहेर पडल्यावरही दोन डिसेंबर जात राहिले, कारण या कामात माझा जीव गुंतला होता.

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण त्याचं उत्तर ठरलं की बाकीची बरीच उत्तरं आपोआप ठरतात. दुकानात आलेलं एकही मूल रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. एकही नाही. पैसे घरी विसरलेलं नाही, बसमध्ये हरवलेलं नाही, आणि ज्याच्या घरी डिसेंबरात पाच डॉलरसुद्धा काढणं जड जातं ते तर नाहीच नाही. हे पीटीएच्या पहिल्या मीटिंगमध्ये स्पष्ट बोलून, मिनिट्समध्ये लिहून घ्या. एकदा ते लिहिलं गेलं की “या वर्षी शॉपमधून किती उभे राहतील?” हा प्रश्न मागे पडतो. निधी उभारायला वर्षभर वॉकेथॉन असतं, बुक फेअर असतं. हे दुकान मुलाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडून, स्वतः पैसे मोजून, कुणाला न सांगता काही देता यावं यासाठी आहे. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर मांडल्या की माल महाग होतो आणि लहान मुलं मागे राहतात. मी हे होताना पाहिलं आहे.

आम्ही हे कसं करायचो ते सांगते. दुकानाचं पत्र आणि मुलाने पैसे घालून आणायचं पाकीट घरी जातं, त्या पत्रात एक ओळ असायची : ‘आणखी एका मुलाच्या खरेदीसाठी काही द्यायचं असल्यास याच पाकिटात वेगळी चिठ्ठी घालून पाठवा.’ लोक देतात. न मागता दहा-वीस डॉलर पाठवणारी घरं प्रत्येक शाळेत असतात. कमी पडले तर पीटीएच्या बजेटमधून. हे पैसे कुणाला द्यायचे ते पीटीएने ठरवायचं नाही, आणि ती नावं पीटीएला कळताही कामा नयेत. शाळेच्या काउन्सेलरला आणि नर्सला घरोघरची परिस्थिती माहीत असते. आम्ही त्यांना पाच-पाच डॉलर भरलेली चाळीस पाकिटं द्यायचो, अगदी घरी पाठवलेल्या पाकिटांच्याच रंगाची आणि आकाराची. ती वर्गशिक्षिकेकडे जायची आणि सकाळी गोळा झालेल्या पाकिटांत मिसळून जायची. दुकानात मूल आलं की त्याच्या हातातलं पाकीट कुठून आलं ते मलासुद्धा ओळखता येत नसे. रंग वेगळा असता, किंवा पाकिटाऐवजी कूपन असतं, तर दुसरीतल्या मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत ते हेरलं असतं. मुलांचे डोळे फार तीक्ष्ण असतात. याशिवाय पाच-सहा भरलेली पाकिटं दाराशी उभ्या राहणाऱ्या व्हॉलंटियरच्या खिशात ठेवायची, ऐनवेळी रडवेलं झालेल्या मुलासाठी.

दुसऱ्या टोकाकडेही बघा. साठ डॉलर घेऊन आलेलं मूल चार डॉलर घेऊन आलेल्या मुलाशेजारी उभं राहिलं की काय होतं ते बघवत नाही. तिसऱ्या वर्षापासून आम्ही पत्रात लिहायला लागलो की पाच ते पंधरा डॉलर पुरेसे आहेत, वीसच्या वर पाठवू नका. थोडी कुरकूर झाली. पण नियम टिकला.

आता तारखा. अमेरिकेत हे दुकान बहुतेक ठिकाणी थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या मध्ये लावतात आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा सगळ्यांना सोयीचा वाटतो. आम्हीही तसंच करत होतो. २०२१ साली हनुका हा ज्यू सण २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला आणि ६ डिसेंबरला संपला. आमचं दुकान त्यानंतर लागलं. एका ज्यू वडिलांनी मला फार शांतपणे सांगितलं, “माझ्या मुलीने भेटी घेतल्या, पण आमचा सण होऊन गेला होता.” मला फार वाईट वाटलं. दिवाळी आमच्या शाळेत कुणाच्या खिजगणतीत नाही असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते, आणि इथे मीच दुसऱ्याचा सण विसरले होते. तेव्हापासून तारीख ठरवताना आधी हनुकाची तारीख बघायची. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे आणि हनुका ४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागतो. म्हणजे सोमवारी ३० तारखेला मांडामांड आणि मंगळवार ते गुरुवार, १, २ आणि ३ डिसेंबर, असं दुकान लावलं तर सगळ्यांना आधी मिळतं. बर्फासाठी शाळा बंद पडली तर शुक्रवार हाताशी राहतो. ख्रिसमस आणि आफ्रिकन-अमेरिकन घरांतला क्वान्झा नंतरच येतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही.

या तारखा धरल्यात तर मागचं वेळापत्रक घट्ट होतं हे लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी आणि लगेच ८ तारखेला लक्ष्मीपूजन. फराळ, पाहुणे, मंडळाचा कार्यक्रम यात तुम्ही आठवडाभर कुठेच सापडणार नाही. म्हणून मालाची ऑर्डर ऑक्टोबर संपायच्या आत, आणि घरी जायचं पत्र १६ नोव्हेंबरच्या आठवड्यात. पत्र इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्ये तरी हवंच. तुमच्या शाळेत तेलुगू, गुजराती, चिनी बोलणारी घरं असतील तर त्या त्या आईबाबांना गाठून चार ओळी लिहून घ्या. ज्या घरी पत्र कळत नाही त्याच घरचं मूल पाकिटाशिवाय येतं.

नावाबद्दल एक वाक्य : काही शाळांत याला अजून ‘सँटाज सीक्रेट शॉप’ म्हणतात. साधं ‘हॉलिडे शॉप’ ठेवा, म्हणजे कुणाला बाहेरचं वाटत नाही.

माल. दोन मुख्य वाटा आहेत. एक म्हणजे शाळांना असा माल पुरवणाऱ्या कंपन्या. त्या परतीच्या बोलीवर माल देतात : खोकी येतात, मांडायचं, विकलं गेलं त्याचे पैसे द्यायचे, उरलं ते परत. टेबलावर घालायची कापडं, पाकिटं, भेटीच्या पिशव्या, भावाच्या चिठ्ठ्या, कधीकधी कॅश रजिस्टरही त्याच पाठवतात. विकायचा भाव खरेदीभावाइतकाच ठेवायचा की त्यावर दहा-वीस टक्के चढवायचे हे पीटीएने सांगायचं. पहिल्या वर्षी, इतक्या कमी दिवसांत, तुम्ही हेच करा असं मी सांगेन. अंदाज चुकला तर पैसे अडकत नाहीत. भाव चढवायचे झाले तर फक्त पूर्ण डॉलर यावा इतपत चढवा. अडीचला पडलेली वस्तू तीनला. त्यातून जे उरेल ते त्या भरलेल्या पाकिटांत घाला.

करार सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. परतीचं भाडं कोण देणार, फुटलेल्या-हरवलेल्या वस्तूंचं काय, आणि दुकान चालू असताना संपलेला माल पुन्हा किती दिवसांत येतो. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच नडतो. आमच्या पहिल्या वर्षी वडिलांसाठीच्या सगळ्या वस्तू दुसऱ्या दिवशी दुपारी संपल्या आणि चौथी-पाचवीच्या मुलांसमोर नुसत्या गुलाबी बांगड्या आणि मॉम लिहिलेले मग उरले. म्हणून आता एक नियम : खोकी आली की प्रत्येक वस्तूचे तीन वाटे करायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे वाटे कुलूपबंद ठेवायचे, कितीही गर्दी झाली तरी. वर्गांचा क्रमही दर वर्षी उलटा करा, म्हणजे पाचवीवाल्यांना कायमचं उरलंसुरलं मिळत नाही.

दुसरी वाट म्हणजे स्वतः आणणं. त्यात वस्तू बऱ्या मिळतात, पण वर्षभर डोक्यात दुकान ठेवावं लागतं. ख्रिसमसनंतरच्या सेलमध्ये घेतलेले मग आणि मेणबत्त्या पुढच्या वर्षासाठी, ऑगस्टमध्ये शाळेच्या सामानाच्या सेलमधून डायऱ्या आणि पेनं. पूर्वी डॉलर ट्री नावाच्या स्वस्त दुकानातून खरोखर एका डॉलरला वस्तू यायची, २०२१ च्या अखेरीस तिथे सव्वा डॉलर भाव झाला आणि आमचं एक डॉलरचं टेबल डळमळलं. चीनहून थेट मागवायच्या स्वस्त पार्सलांचा मार्गही बंद झाल्यासारखाच आहे. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांना असलेली करमाफी चीनच्या मालासाठी मे २०२५ मध्ये आणि बाकी देशांसाठी त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी गेली. खरं सांगायचं तर तो मार्ग मला कधीच आवडला नव्हता, आणि त्याचं कारण पैसे नव्हे.

पहिल्या वर्षी आमच्या दुकानात एक अंगठी होती, दोन डॉलरची, निळ्या खड्याची. पंचवीस-तीस मुलांनी आयांसाठी घेतली. जानेवारीत एक मुलगी ऑफिसबाहेर माझी वाट बघत उभी होती. तिच्या आईचं बोट हिरवं पडलं होतं. तिला पैसे परत नको होते, तिला एवढंच विचारायचं होतं की आईला काही होणार नाही ना. बोट हिरवं पडतं ते बहुतेक तांब्यामुळे आणि त्याने अपाय होत नाही, पण त्या रात्री मी स्वस्त दागिन्यांबद्दल जे वाचायला बसले ते पुढे दर वर्षी उपयोगी पडलं. २००६ मध्ये मिनेसोटात चार वर्षांच्या एका मुलाचा बुटांबरोबर फुकट आलेलं शिशाचं पदक गिळल्याने मृत्यू झाला होता. २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्यानंतर मुलांच्या वस्तूंत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांपेक्षा जास्त चालत नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी होऊन तिचं प्रमाणपत्र असावं लागतं. २०१० मध्ये मुलांच्या दागिन्यांत कॅडमियम सापडल्याचं प्रकरण गाजलं. तुम्ही कंपनीकडून माल घेणार असाल तर हे प्रमाणपत्र लेखी मागा, चांगली कंपनी लगेच देते. आणि लक्षात घ्या, तुमच्या दुकानातला ‘आईसाठी’चा हारही शेवटी घरातल्या दोन वर्षांच्या बाळाच्या तोंडात जाऊ शकतो.

त्याच कारणाने बटणासारख्या चपट्या सेलवर चालणाऱ्या वस्तू मी टेबलावर येऊच देत नाही. गिळला गेल्यास असा सेल अन्ननलिका जाळतो. २०२२ मध्ये यावर ‘रीसचा कायदा’ आला, दीड वर्षांच्या ज्या मुलीचा जीव गेला तिच्या नावाने, आणि आता सेलचं झाकण स्क्रूने किंवा तितक्याच पक्क्या पद्धतीने बंद असावं लागतं. जुना साठा मात्र कुठेकुठे फिरत असतो. छोटी, जोरदार लोहचुंबकं नकोत. बाळभावंडांसाठीच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जाते का ते बघा. जात असेल तर ती बाळासाठी नाही. खाण्याचा पदार्थ एकही नको, अगदी चॉकलेटसुद्धा नाही. शेंगदाण्याची, सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात. सुगंधी मेणबत्त्यांनी आमच्या एका शिक्षिकेला दम लागला होता, तेव्हा त्या घ्यायच्या झाल्या तर बंद डब्यातल्या.

काय खपतं? मग, किल्लीची साखळी, छोटी टॉर्च, स्क्रूड्रायव्हरचा संच, हातमोजे, फ्रेम, ख्रिसमसच्या झाडाला लटकवायची शोभेची वस्तू, चष्मा पुसायचं कापड, कुत्र्यामांजरांची खेळणी. मुलं कुत्र्याला कधीच विसरत नाहीत. ‘डॅड’, ‘मॉम’ असं छापलेल्या वस्तू अर्ध्याहून कमी ठेवा. दोन आया असलेली घरं असतात, आजीने वाढवलेली मुलं असतात, काही मुलं फॉस्टर घरात, म्हणजे तात्पुरत्या सांभाळणाऱ्या कुटुंबात, असतात. आणि आपल्या मुलांना आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली असते, तिला ‘ग्रँडमा’ लिहिलेला मग देताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काही न लिहिलेली सुंदर वस्तू सगळ्यांना चालते. माझ्या मुलाने दुसरीत असताना साताऱ्याच्या आजोबांसाठी टॉर्च घेतली होती, तिकडे लाइट जातात हे त्याला आठवत होतं. ती उन्हाळ्यात सुटकेसमधून गेली आणि पुढे कित्येक वर्षं आजोबांच्या उशाशी होती.

भाव पूर्ण डॉलरमध्येच ठेवा : एक, दोन, तीन, पाच. आठच्या वर काही नको. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. तीन डॉलरच्या वस्तूवर जवळपास वीस सेंट होतात आणि बरोबर तीन डॉलर मोजून आणलेलं मूल तिथेच अडतं. तुमच्या पीटीएला या विक्रीवर कर लागतो की नाही ते खजिनदाराकडून आधी पक्कं करून घ्या. लागत असेल तर तो भावात मिसळून टाका. नाण्यांचं म्हणाल, तर पेनीची, म्हणजे एक सेंटच्या नाण्याची, आता काळजीच नको, टांकसाळीने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं. दहा सेंटचा डाइम मात्र लहानांना हमखास गोंधळात टाकतो, कारण तो पाच सेंटच्या निकेलपेक्षा आकाराने लहान आणि किमतीने दुप्पट. बहुतेक शाळांत पैशांची गणितं दुसरीत शिकवतात, तेव्हा किंडरगार्टन आणि पहिलीकडून ती अपेक्षा ठेवू नका. पण तिसरीच्या पुढच्या मुलाला स्वतःचे पैसे स्वतः मोजू द्या, मागे कितीही रांग असली तरी. हात पुढे करून “दे, मी मोजते” म्हणायचा मोह प्रत्येक व्हॉलंटियरला होतो. त्याला आवरायला सांगा.

पाकिटावर घरच्यांनी नावं आणि प्रत्येकासाठीची रक्कम लिहायची जागा असते. आई ३, बाबा ३, ताई २. ही यादी आम्ही मदत म्हणून धरायचो. मुलाने बाबांचे तीन आणि ताईचे दोन मिळवून बाबांसाठी पाच डॉलरची वस्तू घेतली, तर ताईसाठी काय करायचं हा त्याचा विचार, त्याला करू द्यावा. स्वतःसाठीही मुलं घेतात. सगळ्यात आधी स्लाइम, ते चिकट लिबलिबीत खेळणं, उचललं जातं. मी ओरडायची नाही, एकदाच विचारायची, “यादीतले सगळे झाल्यावर उरतील का पैसे?” बहुतेक वेळा स्लाइम गुपचूप जागेवर जायचं.

व्हॉलंटियरना अर्धा तास आधी बोलावून मी दोन गोष्टी शिकवायची, आणि मला वाटतं संपूर्ण दुकानात याच सगळ्यात महत्त्वाच्या आहेत.

पहिली : “आईसाठी काय घ्यायचंय?” असं कधी विचारायचं नाही. “कोणासाठी घ्यायचंय?” असं विचारायचं. एका वर्षी आमच्यातल्या एका प्रेमळ बाईने तिसरीतल्या मुलाला विचारलं, “बाबांचं झालं, आता आईसाठी काय?” त्याची आई त्या उन्हाळ्यात गेली होती. तो काही बोलला नाही, हातातली किल्लीची साखळी घट्ट धरून उभा राहिला. त्या बाईला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. प्रश्न बदलला असता तर मात्र तो प्रसंग टळला असता. थोड्या वेळाने तो स्वतः परत आला आणि आईसाठी एक काचेची चांदणी घेऊन गेला. झाडावर लावणार म्हणाला.

दुसरी : मुलाला सुचत नसेल तर वस्तू दाखवू नका, त्या माणसाबद्दल विचारा. “तुझी आजी सकाळी उठल्यावर काय करते?” एकदा एका छोट्या मराठी मुलीने मला सांगितलं, “ती देवाला फुलं घालते.” मग आम्ही दोघींनी मिळून एक लहानशी निळी ताटली शोधली, ती मुळात अंगठ्या ठेवायची होती. दीड मिनिट लागलं असेल. चार टेबलांवरचा माल दाखवत फिरले असते तर दहा मिनिटं गेली असती आणि शेवटी तिने मगच घेतला असता. सगळ्या व्हॉलंटियरना हे जमत नाही, काहींना आपलीच आवड पुढे करायची सवय असते. त्यांना गल्ल्यावर किंवा पिशव्या भरायला बसवा.

आणि ज्या वेळेला स्वतःच्या मुलाचा वर्ग येतो त्या वेळेला त्या आईने किंवा बाबाने खोलीतून बाहेर जायचं. ड्यूटीचा तक्ता लावताना हेच आधी बघा. सगळ्यांना आपल्या मुलाला खरेदी करताना बघायची हौस असते, ते मी समजू शकते. पण आई समोर उभी असेल तर मूल तिच्यासाठी गुपचूप काय घेणार? मी सात वर्षं माझ्या मुलांच्या वेळेला कॉरिडॉरमध्ये उभी राहिले.

माणसं किती लागतात ते सांगते. २१ वर्ग धरले तर दिवसाला सात, प्रत्येकी अर्धा तास. किंडरगार्टनसाठी दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, पहिलीला तीन मुलांमागे एक. तिथे पाचवीची मुलं जोडीदार म्हणून घ्या. ती फार जबाबदारीने वागतात, आणि बसून बोलल्यामुळे छोटी मुलं त्यांच्याशी मोकळी होतात. वरच्या वर्गांना चार-पाच जण पुरतात. शक्य असेल तर आदल्या दिवशी प्रत्येक वर्गाला दहा मिनिटं नुसतं बघून जाऊ द्या, हातात कागद-पेन्सिल देऊन. मांडणी त्यासाठी सोमवारी दुपारपर्यंत व्हायला हवी. बघून गेलेलं मूल रात्रभर विचार करून येतं आणि खरेदी निम्म्या वेळात होते. व्हॉलंटियरसाठी स्कूल डिस्ट्रिक्टची पार्श्वभूमी-तपासणी लागते का ते ऑफिसला ऑक्टोबरमध्येच विचारा, तिला वेळ लागतो. जिम मिळत असेल तरी लायब्ररी मागा. जिममध्ये आवाज घुमतो आणि लहान मुलं बावरतात.

गल्ल्याबद्दल कडक राहा. सुरुवातीला १५० डॉलर मोड : शंभर एकेकच्या नोटा आणि क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांच्या, दहा-दहा डॉलरच्या पाच गुंडाळ्या. उरलेले सुटे पैसे मुलाच्या हातात न देता त्याच्याच पाकिटात घालून चिकटवायचे आणि वर रक्कम लिहायची, म्हणजे संध्याकाळी घरून फोन येत नाही. दिवस संपला की दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सह्या करायच्या, आणि त्याच दिवशी बँकेत. ते दोघं एकाच घरातले नकोत. पैसे कुणाच्याही घरी रात्रभर राहू नयेत, चेअरच्याही नाहीत. यात अविश्वास नाही. एकदा आमचे ४० डॉलर लागेनात तेव्हा सह्यांचा कागद होता म्हणून कुणाकडे बोट दाखवलं गेलं नाही, मोजताना झालेली चूक दुसऱ्या दिवशी सापडली.

कागदात गुंडाळायच्या भानगडीत पडू नका. अपारदर्शक पिशवी, भावाची चिठ्ठी काढलेली, वर ‘कोणाला–कोणाकडून’चं लेबल, आणि तोंड स्टेपल केलेलं. लेबल मुलाने स्वतः लिहायचं, अक्षर कसंही येवो. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावं. आपल्या मराठी मुलांतल्या एकाने देवनागरीत ‘आई’ लिहिलं होतं, आणि शेजारची मुलं ते अक्षर बघायला गोळा झाली होती.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षं आम्ही दिवाळीआधी हेच छोट्या प्रमाणात केलं, पालकांनी घरून आणून दिलेल्या नव्या वस्तूंवर, सगळं फुकट. पन्नासेक मुलं होती. पाडवा आणि भाऊबीज असल्यामुळे कोणासाठी घ्यायचं हे मुलांना विचारावंच लागलं नाही. तुमच्या शाळेच्या पीटीएकडे पैसे अगदीच नसतील तर हीही एक तिसरी वाट आहे. फक्त वस्तू ऑक्टोबरपासून गोळा कराव्या लागतात आणि वापरलेल्या वस्तू निवडून बाजूला काढायला दोन ठाम माणसं लागतात.

दुकान उठल्यावर, खोकी बंद करायच्या आधी, एक कागद भरा. कोणती वस्तू किती होती, किती उरली, कोणत्या दिवशी संपली, भरलेली पाकिटं किती वापरली गेली, कोणत्या वेळेला माणसं कमी पडली. आठवडा गेला की यातलं काही आठवत नाही, आणि पुढच्या वर्षी चेअर तुम्ही असाल किंवा दुसरं कुणी, त्या माणसाला पहिल्या दिवशी याच कागदाची गरज लागणार आहे. मुख्याध्यापकांना मात्र या आठवड्यातच ईमेल करून १ ते ३ डिसेंबरला लायब्ररी मागून ठेवा. दोन आठवडे थांबलात तर ती दुसऱ्या कुणाला तरी गेलेली असेल.